तिरोडकरांचे चमचे

विश्राम तिरोडकर आमच्या घरी पहिल्यांदा आले ते थेट स्वयंपाकघरात. मुलुंड पूर्वेच्या त्या सोसायटीत आम्ही राहायला येऊन जेमतेम दोन तास झाले होते. पोती सोडायची होती, शेगडी जोडायची होती, आणि शेजारचा हा पन्नाशीचा किडकिडीत माणूस लेंगा-बनियनवर माझ्या ओट्यासमोर उभा राहून विचारत होता, "बाई, तुमची चहापावडर राहते कुठे?"

राहते! जशी काही माझी नणंदच. मी बोटाने डबा दाखवला. मुलांच्या दुधात घालायच्या पावडरीचा तो जुना डबा, वरच्या चित्रातलं गुटगुटीत पोर अर्धं खरवडलेलं. तिरोडकरांनी झाकण काढलं, आत नाक खुपसलं आणि त्यातला प्लॅस्टिकचा चमचा मेलेलं झुरळ धरावं तसा दोन बोटांत धरून बाहेर काढला. मग लेंग्याच्या खिशातून रुमाल निघाला. रुमालाच्या घडीतून चांदीचा एक चमचा निघाला. आखूड दांड्याचा, शिंपल्यासारखा, तळहातात मावेल एवढा. तो त्यांनी माझ्या डब्यात बुडवला.

"आता करा चाय. पाच माणसांना दोन चमचे. वस्तू बोलते, बाई."

चहा नेहमीसारखाच झाला. मी तसं सांगितलंही.

"तुमची जीभ अजून सामान लावते आहे," ते म्हणाले. "उद्या परत बघा."

मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत इंग्रजी शिकवते. साठ-साठ पोरांच्या वर्गात माझा आवाज कधी चढत नाही, पण पुढची नऊ वर्षं या एका माणसाने तो घरात बसून चढवला.

तिरोडकरांना ब्रिटिशांच्या जुन्या चहाच्या पेट्या जमवायचा नाद होता. त्या पेटीला ते 'कॅडी' म्हणत. सोसायटीतली पोरं 'कँडी' ऐकत आणि त्यांच्या मागे हात पसरून धावत. मग हे जिन्यात थांबून त्यांना समजावत, की एके काळी विलायतेत चहा इतका महाग होता, की घरची मालकीण तो कुलपाच्या पेटीत घालून बैठकीच्या खोलीत ठेवायची आणि किल्ली कमरेला लावायची. पेटीतून पत्ती काढायला हा आखूड चमचा, म्हणजे कॅडी स्पून. पोरांना तोवर गोळी मिळणार नाही हे कळलेलं असे आणि ती पळालेली असत. तिरोडकर उरलेलं व्याख्यान दूधवाल्याला देत. चौथ्या मजल्यावरचे आजोबा वारले तेव्हा, तिरडी बांधायची चालली असताना, हे त्यांच्या जावयाला विलायतेतल्या किल्लीची हकिकत सांगत होते. मी डोळे वटारले तर म्हणाले, "दुःखात जरा बरं वाटतं माणसाला."

ते मूळचे वेंगुर्ल्याकडचे. वडील गिरणीत होते. हे मॅट्रिक झाले आणि फोर्टातल्या एका चहाच्या कंपनीत कारकून म्हणून चिकटले. कंपनी साहेबाची, साहेब केव्हाच गेलेला, पण त्याची कपाटं, घंटा आणि शिपाई शिल्लक. त्या शिपायाकडे चुन्याच्या डबीत एक काळपट चमचा होता. रोज पानाला चुना लावायचा. तिरोडकरांनी एकदा तो सहज पुसला, तर खाली चार बारीक शिक्के. एक चालणारा सिंह, एक राजाचं डोकं, एक इंग्रजी अक्षर आणि एक जहाजाचा नांगर. नांगर बघून हा दर्यावर्दी मुलखातला माणूस वेडा झाला. चौकशी करता कळलं, की तो बर्मिंगहॅम नावाच्या गावचा शिक्का. मग नकाशा काढून बघितला.

"समुद्र नाय, खाडी नाय, बंदर नाय, आणि शिक्को नांगराचो!" हे सांगताना अजूनही त्यांचा श्वास लागायचा. जोर चढला की ते मालवणीत जात. "आमच्या वेंगुर्ल्याक बंदर आसा, दीपगृह आसा, पण आमका कोणी शिक्को दिलो? साहेब गेलो, चमचो रवलो."

शिपायाला महिनाभर पानं खिलवून त्यांनी तो चमचा मिळवला. तिथून जे सुरू झालं ते आमच्या भिंतीपलीकडे येऊन थांबलं. म्हणजे थांबलं नाहीच. कचेरीत लोक विचारत, "तिरोडकर, साहेबाचे चमचे किती झाले?" आणि हसत. यांना त्यातली खोच कधी कळली नाही. ते अगदी मनापासून आकडा सांगत.

मला याचा त्रास काय, असं कोणी विचारेल. त्रास टेलिफोनचा. आमचे हे टेलिफोन खात्यात, म्हणून मजल्यावर फोन फक्त आमच्याकडे. तिरोडकरांनी आमचा नंबर मुंबईतल्या झाडून सगळ्या जुना माल विकणाऱ्यांना वाटून टाकला होता. आम्हाला न विचारता. रविवारी दुपारी सहामाहीचे पेपर तपासत बसावं, तर फोन. "तिरोडकर सेठ को बोलो, डिब्बा आया है, ताला नहीं है." पाच मिनिटांनी दुसरा. "ताला मिल गया, डिब्बा किसी और का है."

एकदा फोन आला, "सेठ को बोलना नासपाती आया है. आधा सडेला है, लेकिन देखने का." तिरोडकर घरी नव्हते. मी शालिनीवहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, जसाच्या तसा निरोप दिला. नासपती आलीय, अर्धी सडलेली. वहिनी म्हणाल्या, "मगे टाकून द्या म्हणान सांगा." मी तसं सांगितलं. संध्याकाळी तिरोडकर आमच्या दारात. डोळ्यांत पाणी. ती नासपतीच्या आकाराची लाकडी कॅडी होती, फळासारखी कोरलेली, वर देठ, मधोमध कुलूप. तसली उभ्या मुंबईत दुसरी नाही, आणि मी ती टाकून द्यायला सांगितली होती!

"बाई, शिकलेल्या माणसाने असं करावं?"

"तुम्ही निरोप पुरा देत जा ना!" मी ओरडले.

"निरोप पुराच होता. सडलेली होती ना ती अर्धी."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते गेले आणि ती मिळवून आले. रिक्षातून उतरताना पेटी छातीशी, टॉवेलात गुंडाळलेली. खालच्या वॉचमनला वाटलं, बाळंतपण झालं.

आता ही नासपती, तिच्या आधीच्या दहा पेट्या आणि बावीस चमचे कुठे मावणार? तर एका खोलीत आणि स्वयंपाकघरात, जिथे नवरा-बायको राहत होती. मूलबाळ नव्हतं. काचेचं कपाट बाहेरच्या खोलीत, त्यात चमचे मखमलीवर मांडलेले. पेट्या कपाटावर, खाटेखाली, शिवणाच्या मशीनवर. वहिनींचे तांदूळ बादलीत आणि कोकम खिडकीच्या गजाला टांगलेलं. पेट्यांना नुसत्या हाताने शिवायचं नाही. पाहुणा आला की तिरोडकर सुरू, "हात नको, नजर लावा."

वहिनी ठेंगण्या, गोल, तोंडाने फटकळ. मला त्या फार आवडत. एका पावसाळ्यात सुके सोडे सादळायला लागले, तेव्हा त्यांनी घरातली सगळ्यांत घट्ट झाकणाची वस्तू शोधून काढली आणि त्यात अर्धा किलो सोडे भरले. ती वस्तू म्हणजे कासवाच्या पाठीची, आत कथलाचं अस्तर असलेली, तिरोडकरांच्या मते दोनशे वर्षांची पेटी. आठ दिवसांनी वास बाहेर आला. भिंतीपलीकडून जे ऐकू आलं ते इथे लिहीत नाही. शेवटी तिरोडकर आमच्याकडे न्याय मागायला आले, पाठोपाठ वहिनी, हातात झारा.

"बाई, दोनशे वर्षं त्या पेटीने चहाशिवाय कशाचा वास घेतला नव्हता!"

"मगे उपाशीच होती ती," वहिनी म्हणाल्या. "दोनशां वर्सांनी तिच्या पोटात कायतरी पडला, तर तुमच्या पोटात कित्याक दुखता?"

मी निकाल वहिनींच्या बाजूने दिला. तिरोडकर माझ्याशी तीन आठवडे बोलले नाहीत. ते तीन आठवडे फार सुखाचे गेले. फोन आले की मी सरळ सांगे, सेठ गावाला गेला.

मग किड्यांचं प्रकरण. ती नासपती रिकामी आली नव्हती. सहा महिन्यांत माझ्या पुस्तकांच्या कपाटाखाली पिवळसर भुकटी पडायला लागली. कपाट आमच्या-त्यांच्या मधल्या भिंतीला. मग खालच्यांच्या दाराला भोकं दिसली. सोसायटीची मीटिंग बसली. सेक्रेटरी म्हणाले, साहेब गेले पण त्यांचे किडे आपल्याकडे ठेवून गेले. सगळे हसले. तिरोडकर उभे राहिले आणि अतिशय गंभीरपणे म्हणाले, की हा किडा विलायती असूच शकत नाही, कारण विलायती किड्याचं भोक गोल असतं आणि वाघमारेबाईंच्या कपाटाचं लांबट आहे. वाघमारेबाई म्हणजे मी. त्यांनी माझं कपाट भिंग लावून तपासलं होतं, मी शाळेत असताना, माझ्या नवऱ्याच्या मदतीने!

पुढच्या रविवारी मात्र ते स्वतः आले. रॉकेल, कापूस आणि इंजेक्शनची सुई घेऊन. सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत एकेका भोकात थेंब थेंब सोडत बसले. जेवायलाही उठले नाहीत. माझी माफी मागितली नाही. कपाटाच्या फळीवर हात फिरवून म्हणाले, "सागवान आहे. सांभाळा हिला."

एवढं सगळं मी सोसत होते, त्यात सोराबजी आले. प्रत्यक्ष नव्हे, पत्रातून. कुलाब्याकडे राहणारे हे म्हातारे पारशी गृहस्थ मुंबईत उरलेल्या जुन्या विलायती चांदीवर पुस्तक लिहीत होते. कुठल्याशा दुकानदाराने तिरोडकरांना ही बातमी दिली. झालं. रोज संध्याकाळी मी शाळेतून येते, तर हे फुलस्केप कागद घेऊन दारात. "बाई, एक पत्र. चारच ओळी."

चार ओळींचं पत्र आम्ही सात वेळा लिहिलं. त्यांच्याकडे एक चमचा होता, द्राक्षाच्या पानाच्या आकाराचा. पानाच्या शिरासुद्धा कोरलेल्या, आणि दांडा अंगठ्याएवढा आखूड नि रुंद, देठासारखा. बावीस चमच्यांत तो त्यांचा जीव. कपाटात मधोमध, एकटा. त्याचं वर्णन मी 'व्हेरी ब्यूटिफुल' असं केलं तर त्यांनी कागद परत दिला. "ब्यूटिफुल तर माझी भाचीही आहे. शिरा किती ते लिहा." मी शिरा मोजून लिहिल्या.

सोराबजींचं उत्तर यायला पाच महिने लागले. पुढे आणखी पत्रं, आणखी शिरा. असं दोन वर्षं चाललं आणि शेवटी निरोप आला, की डिसेंबरात एका रविवारी फोटोग्राफर घेऊन स्वतः येतो. पानाचा चमचा पुस्तकात पूर्ण पानभर छापायचा विचार आहे. खाली मालकाचं नाव.

ते पत्र त्यांनी मला तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "विश्राम तिरोडकर, मुलुंड. मुलुंड लिहितील ना, बाई? नुसतं मुंबई लिहू नये."

हे झालं जूनमध्ये. ऑगस्टात वहिनी पडल्या.

सकाळी कपडे वाळत घालत होत्या. हातातून चादर सुटली, मग त्या खाली बसल्या, मग आडव्या. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं, बोलणं बंद. आमच्या ह्यांनी टॅक्सी आणली. दवाखान्यात पंचवीस दिवस झाले. परत आणलं तेव्हा पाय थोडा उचलत होत्या, पण उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच राही. शब्द फुटत, पण एकेक, चिखलातून पाय काढावा तसे.

तिरोडकरांनी जमलेली सगळी रजा टाकली. मला वाटलं, आता या माणसाचं काही खरं नाही. चहापलीकडे त्याला स्वयंपाकघरातलं ठाऊक काय? पण पेज शिजवायला शिकले. वेणी घालायला शिकले, जरा तिरपी येई. अडचण वेगळीच झाली. वहिनी भरवून घेईनात.

माझ्या समोरचंच आहे. हे भाताचा घास पुढे करताहेत, वहिनी तोंड घट्ट मिटून भिंतीकडे बघताहेत. डाव्या हाताने खायला सांगावं तर ताट ढकलून देत. जन्मभर ज्या हाताने जेवल्या त्याच हाताने जेवायचं होतं त्यांना. व्यायाम शिकवायला एक मुलगी येई. तिने स्टीलच्या चमच्याला कापड गुंडाळून दिलं, म्हणजे पकड येते. वहिनींनी ते गुंडाळलेलं फडकं बघितलं आणि चमचा खाली टाकला. दुसऱ्या दिवशीही टाकला. अंगावरचं लुगडं सैल व्हायला लागलं होतं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी भाजी घेऊन गेले होते. तिरोडकर पेजेची वाटी घेऊन बसलेले, आवाज रडवेला. "गे, मगे तुका होया तरी काय? सांग, काय होया?"

वहिनींनी डावा हात उचलला आणि काचेच्या कपाटाकडे बोट दाखवलं. बरोबर मधोमध.

"तो," त्या म्हणाल्या. "तो... होयो."

मला अजूनही वाटतं, त्यात पहिल्यांदा निव्वळ राग होता. वीस वर्षं त्या चमच्याच्या आजूबाजूची धूळ पुसलेल्या बाईचा राग. तिरोडकर माझ्याकडे बघत राहिले. ते म्हणाले, "तो नको गे. दुसरो देतंय. शिंपल्याचो देतंय." वहिनींनी परत भिंतीकडे तोंड केलं.

तो दिवस तसाच गेला. मी घरी येऊन आमच्या ह्यांच्यावर चिडले, कारण चिडायला तेच हाताशी होते. एक चांदीचा तुकडा मोठा की बायको? जाऊन कपाटच फोडते, म्हटलं. फोडायची वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर कपाटाच्या मधोमधची मखमल रिकामी होती.

आणि तो चमचा त्यांच्या हाताला बसला. आखूड, रुंद दांडा मुठीत बरोबर राही, निसटत नसे. पानाला खोली असल्याने पेज सांडत नसे. वहिनी तो तोंडापर्यंत न्यायच्या, पण तिथे गाडी अडायची. मनगट वळेना. चमचा गालाशी जायचा आणि पेज कानाकडे. व्यायामवाली मुलगी सहज बोलून गेली, "काका, याचा दांडा आतल्या बाजूला वाकवला ना, तर मनगट वळवावंच लागणार नाही."

"स्टीलचा घ्या आणि वाकवा!" मी लगेच म्हटलं. "चांगला जाड, रुंद बघून घ्या."

घेतले त्यांनी. बाजारातून पाच आणले, दोन आमच्याकडचे नेले. वहिनींनी सगळे हातात धरून बघितले, अगदी रागावून नव्हे, नीट धरून बघितले. कुठला फिरायचा, कुठला टोचायचा. शेवटी प्रत्येक वेळी हात पानाच्या चमच्याकडे.

शनिवारी सकाळी तिरोडकर आमच्या दारात. अंगात इस्त्रीचा शर्ट.

"बाई, चला जरा माझ्याबरोबर. सोनाराकडे. माझ्यानं एकट्यानं होणार नाय."

स्टेशनजवळचा तो म्हातारा सोनार त्यांना चांगला ओळखत होता. चमचे साफ करायची पूड ते तिथूनच नेत. त्याने चमचा घेतला, उलटा केला, शिक्के बघितले आणि परत त्यांच्यापुढे ठेवला.

"तिरोडकर, याला मी हात लावणार नाही. हा वाकवायचा तर तापवावा लागेल. तापवला की काळा पडेल, घासला की वरचं सगळं जुनेपण जाईल. शिवाय जोडाशी तडकला तर माझ्याकडे औषध नाही."

"वाकव."

"अहो, दुसरं काही करून देतो. नवीन घडवतो, असाच."

"नवीन घडवून तिच्या हातात बसेपर्यंत तिनं काय खायचं?" तिरोडकर म्हणाले. मग खिशातून कॅलेंडरचा एक कागद काढून पसरला. त्याच्या पाठीवर पेन्सिलीने वहिनींचा हात काढलेला होता. एकदा मूठ, एकदा बाजूने मनगट, चमचा धरल्यावर बोटं कुठे येतात, तोंड कुठे येतं, सगळ्याची मापं सुतारासारखी सुतात. एवढी बारीक रेघ त्यांनी कधी कॅडीच्या चित्राला काढली नव्हती. निदान मला दाखवली तरी नव्हती.

सोनाराने कागद बराच वेळ बघितला. मग फुंकणी उचलली.

दांडा लाल झाला. त्याने चिमट्यात धरून दाबला, थांबला. तिरोडकर कागदावर वाकून म्हणाले, "आणखी." परत दाबला. "वायच आणखी. आता डावीकडे. तिचा अंगठा इथं येतो." एकदा बारीकसा कट्ट आवाज झाला. आम्ही तिघंही थांबलो. सोनाराने भिंग लावलं. "तडा नाही," तो म्हणाला. तिरोडकरांच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती. थंड झालेला तो काळाकुट्ट, वाकडा चमचा त्यांनी घेतला आणि तिथेच, दुकानात बसून, कागदावरच्या मनगटाशी लावून बघितला.

घरी परत येताना त्यांनी तो चमचा रुमालात गुंडाळलाच नाही, वहिनींसारखा मुठीत धरून चालले.

डिसेंबरातला रविवार आला. मला वाटलं होतं, त्यांनी सोराबजींना कळवलं असेल. त्यांनी काही कळवलं नव्हतं! बारा वाजता खाली मोटार थांबली आणि ऐंशीच्या घरातले ते गृहस्थ, मागे कॅमेऱ्याची पेटी घेतलेला फोटोग्राफर, तीन जिने चढून धापा टाकत आमच्याच दारात. पत्रावर फोनच्या सोयीने पत्ता आमचा होता. मी बसवलं, पाणी दिलं आणि पलीकडे धावले.

तिरोडकर दाराबाहेरच होते. "बाई, पंधरा मिंटा. ती जेवता."

"अहो, दोन वर्षं वाट बघितलीत! ते म्हातारे तीन जिने चढून आलेत!"

"म्हणान तर बसांदे वायच. मधेच उठवला तर तिचा हात थांबता."

मी पंचवीस मिनिटं सोराबजींना माझ्या शाळेच्या गोष्टी सांगत बसवलं. त्यांनी दोनदा घड्याळ बघितलं. शेवटी तिरोडकर आले. हातात नुकताच धुतलेला, ओला चमचा. त्यांनी तो सोराबजींच्या तळहातावर ठेवला.

"अरे, आ सू कर्यु!" सोराबजी उभेच राहिले. "हे कोणी केला? कुठल्या गाढवाने केला?"

"मी केलं."

"तुला माहीत आहे हा काय होता?"

"शेठ, तुम्हाला शिरा मोजून कळवणारा मीच ना," तिरोडकर म्हणाले. "बाकीच्या वस्तूंचे फोटो घ्या. नासपती घ्या. हा नाही येणार पुस्तकात, मला माहीत आहे. हा वापरात आहे."

"वापरात? कसला वापर?"

"पेज."

सोराबजींना पेज म्हणजे काय ते मी इंग्रजीत सांगितलं, आणि मग बाकीचंही सांगितलं, कारण तिरोडकर ते सांगणार नव्हते. म्हातारा खाली बसला. चमचा त्याने आपल्या हातात जेवताना धरतात तसा धरला, तोंडाजवळ नेऊन बघितला. मग पुसून परत दिला. फोटो नासपतीचे निघाले. पुढे पुस्तक आलं, त्यात नासपती एका कोपऱ्यात आहे, आणि खाली नुसतं 'मुंबई' छापलंय. त्यावरून तिरोडकर मला आठवडाभर बोलत होते. जसं काही पुस्तक मीच छापलं.

मार्च महिन्यातली गोष्ट. मला दुपारची सुट्टी होती. घावणे केले होते, ते वहिनींना द्यावेत म्हणून पलीकडे गेले. दार उघडं होतं आणि तिरोडकर उंबऱ्यात बसलेले. घराकडे पाठ, तोंड जिन्याकडे. हातात पेपर नाही, पेटी नाही, काही नाही. मी बोलणार इतक्यात त्यांनी हाताने गप्प राहायची खूण केली.

"कोण बघता म्हटला की ती जेवणा नाय," ते अगदी हळू म्हणाले. "मी बघितलेलाही तिका चलणा नाय. लाज वाटता."

म्हणजे चमचा वाकवून आणल्यापासून, दिवसातून दोन वेळा, हा माणूस असा पाठ करून बसत होता. मी बशी धरून तिथेच उभी राहिले. आतून चमचा वाटीला लागल्याचा आवाज येई, मग थोडा वेळ काहीच नाही, मग परत. आवाज थांबला की तिरोडकरांची मान किंचित कलायची, परत आला की सरळ व्हायची. एकदा बराच वेळ काही ऐकू आलं नाही. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर दाबले, पण वळले नाहीत.

मग आतून वहिनींचा आवाज आला, जाड, तुटका, आणि चांगलाच वैतागलेला.

"अवो... बसलास काय? आणि वायच... वाढा."

तिरोडकर उठले, पायांत मुंग्या आल्या होत्या म्हणून चौकटीला धरून उभे राहिले, माझ्या हातातली बशी काढून घेतली आणि लंगडत आत गेले.